शिशाच्या वजनांचा साचा : मधल्या घरातले वजन सुटत नाही, काय करावे?

प्रश्न

नमस्कार. गळाच्या दोरीला ओवायची, अंड्याच्या आकाराची शिशाची वजने मी स्वतः ओततो. साचा अॅल्युमिनियमचा असून त्याला तीन घरे आहेत. दोरीच्या भोकासाठी प्रत्येक घरात २ मिलिमीटर जाडीची पोलादी सळी खालून, दोन्ही भागांच्या जोडावरच्या खाचेतून, घालावी लागते. सुरुवातीचे काही दिवस तिन्ही घरांतली वजने साचा उघडताच खाली पडत होती. नंतर मधले वजन अडकू लागले आणि विशेष म्हणजे ते दर वेळी डाव्या भागालाच चिकटून राहते.

आधी मी दांड्यांवर ठोकून पाहिले. तेवढ्याने सुटेना, तेव्हा पेचकसाच्या टोकाने ते वजन उचकटून काढले आणि असे सात-आठ वेळा करावे लागले. मग कोणीतरी सांगितले म्हणून घराच्या आत यंत्राचे तेल पुसले, तर वजनांवर सुरकुत्या आल्या आणि चिकटणे मात्र तसेच राहिले. मेणबत्तीची काजळी धरून पाहिली, तिचा उपयोग चार-पाच ओतींपुरताच झाला. आता जोडावर शिशाचा पातळ पापुद्राही येऊ लागला आहे. घर आतून पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावे असा विचार आहे, पण चांगला साचा हातचा जाईल अशी भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

पॉलिश पेपर अजिबात लावू नका, निदान आज तरी नाही. घरातून एकदा काढलेला धातू परत भरता येत नाही, आणि आपले वजन नेमके कोणत्या जागी धरले जात आहे हे अजून आपल्याला ठाऊक नाही.

शिसे अॅल्युमिनियमला डाखासारखे सहसा चिकटत नाही, कारण अॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर कायम असतो आणि वितळलेले शिसे त्याला ओले करू शकत नाही. शिवाय गोठल्यानंतर शिसे आकसते, म्हणजे घराच्या भिंतीपासून ते स्वतःहून दूर सरकते. एवढे असूनही वजन अडकत असेल तर ते कशात तरी अडकले आहे असे समजावे. ते चिकटले आहे असे समजून उपाय केले की तेल, काजळी, घासणे या वाटेने माणूस भरकटत जातो.

अडकण्याच्या जागा मुख्यतः दोन असतात. पहिली म्हणजे घराची कड. जोडाच्या पृष्ठभागावर जिथे घर सुरू होते त्या कडेला हत्याराचा धक्का लागला की अॅल्युमिनियम आतल्या बाजूला किंचित वळते. ही बर डोळ्यांना दिसत नाही, पण ओतलेले शिसे तिच्याखाली जाऊन गोठते आणि वजन त्या भागात कुलूप लावल्यासारखे अडकते. आपण पेचकस वापरला असल्यामुळे मला तिचा दाट संशय आहे. साचा थंड असताना कापसाचा एक पुंजका घराच्या आतून कडेकडे, सगळीकडून हलक्या हाताने ओढत न्या. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतील तिथे बर आहे. मग ती जागा भिंगाखाली पाहा.

दुसरी जागा म्हणजे भोकाची सळी, आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. तापमान उतरताना शिसे पोलादाच्या दुपटीहून अधिक आकसते. भिंतीपासून दूर जाणारे हेच शिसे सळीला मात्र आवळत जाते. गोठल्यापासून हाताला सोसेल इतके थंड होईपर्यंतचा हिशेब मांडला, तर २ मिलिमीटरच्या सळीवर ही आवळण जवळपास एक शतांश मिलिमीटर इतकी येते, आणि घट्ट बसण्याला एवढी पुरते. त्यात सळी जराशी वाकलेली असेल, तर मिटलेल्या साच्यात ती दाबून सरळ धरली जाते, आणि साचा उघडू लागला की पुन्हा वाकताना वजनाला एकाच भागाकडे दाबत राहते. दर वेळी एकाच बाजूला चिकटण्याचे हे अगदी ओळखीचे कारण आहे.

म्हणून आधी एक साधी चाचणी करा. मधल्या घरातली सळी पहिल्या घरात घाला, पहिल्या घरातली मधल्या घरात घाला आणि दहा-बारा ओती घ्या. दुखणे सळीबरोबर पहिल्या घरात गेले तर दोष सळीचा, जागच्या जागी राहिले तर घराचा. सळी संशयित ठरली तर तिला अर्धा फेरा फिरवून पुन्हा ओता. वजन डाव्याऐवजी उजव्या भागाला अडकू लागले, तर सळी वाकलेली आहे याबद्दल शंका उरत नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्याला तापमानाची बाजू जोडतो, कारण सुरकुत्या आल्याचे आपण लिहिले आहे.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतण्यासाठी ते साधारण ३७० ते ४०० अंशांवर असावे. परंतु निम्मा खेळ साच्याच्या उष्णतेचा असतो. साचा थंड असेल तर शिसे घर भरण्याआधीच गोठू लागते आणि वजनावर सुरकुत्या, गोलसर कडा व अर्धवट भरलेली टोके दिसतात. साचा फार तापला तर वजनाचा पृष्ठभाग पांढुरका आणि दाणेदार होतो, ओततोंडावरची शेंडी, म्हणजे घर भरल्यावर तोंडाशी उरलेले शिसे, गोठायला वेळ लागतो, आणि घाईने उघडल्यास आतून अजून मऊ असलेले वजन फाटून त्याचा काही अंश घरातच राहतो. अॅल्युमिनियम लवकर तापते आणि लवकर निवते, त्यामुळे मध्येच गप्पा मारायला थांबलो की पुढच्या दोन-तीन ओती बिघडणार हे गृहीत धरावे आणि ती वजने सरळ परत वितळवायला टाकावीत. शेंडीकडे पाहत राहण्याची सवय लावून घ्या. आधी ती आरशासारखी चकाकते, मग मध्यभागी खळगा पडून तिच्यावर एकदम मंदपणा पसरतो. त्यानंतर काही सेकंद थांबून साचा उघडावा.

तीन घरांच्या साच्यात मधले घर दोन्ही बाजूंनी तापलेल्या घरांच्या शेजाराने अधिक उष्ण राहते. आपले मधलेच वजन अडकते, याला थोडा हातभार त्याचाही असू शकतो. ओतण्याचा क्रम बदलून मधले घर शेवटी भरून पाहा.

तेलाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो : घराच्या आत तेलाचा थेंबही नको. तापल्यावर त्याचा धूर होतो, तो धूर शिशाला भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही आणि सुरकुत्या पडतात. उरलेले तेल जळून कठीण थर बनते. भांडी घासण्याचा साबण, गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश यांनी घरे नीट धुवा, मग स्पिरिटने पुसा. तारेचा ब्रश वापरू नये. धुतलेला साचा पूर्ण कोरडा करून, तापवून, मगच त्यात शिसे ओतावे. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १६०० पट होते, आणि खाचेत राहिलेला एक थेंबही वितळलेले शिसे तोंडावर उडवायला पुरेसा असतो.

काजळी धरण्याला माझा विरोध नाही. घर निर्दोष असताना काडीच्या ज्योतीची अगदी पातळ काजळी वजन सुटायला मदत करते. मेणबत्तीच्या काजळीबरोबर मेणाचा अंशही येतो, म्हणून ती मला पसंत नाही. पण ज्या घरात बर आहे तिथे काजळी फक्त दोष झाकते, आणि ती झिजली की दुखणे पुन्हा वर येते. आपल्या चार-पाच ओतींच्या अनुभवाचा अर्थ मला तरी हाच वाटतो.

तिसरे उत्तर

पापुद्र्याचे कारण शोधण्यासाठी साचा मिटवून उजेडासमोर धरा. जोडातून प्रकाशाची रेघ दिसली तर दोन्ही भाग पूर्ण मिटत नाहीत. बहुतेक वेळा जोडावर शिशाचा एखादा चपटा कण बसलेला असतो. साचा गरम असतानाच तो बांबूच्या चपट्या काडीने सरकवावा, धातूच्या हत्याराने खरवडू नये. दुसरे कारण म्हणजे दोन्ही भाग जुळवणाऱ्या खुंट्या कोरड्या पडून भोकात ओरखडत असतात. तापलेल्या साच्यावर कापसाच्या काडीने टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचा नुसता स्पर्श खुंट्यांना द्यावा आणि लगेच पुसून घ्यावे. ते तेल घरांकडे ओघळता कामा नये.

ठोकायचेच असेल तर लाकडी मोगरीने दांड्यांच्या बिजागरीवर ठोकावे, साच्याच्या ठोकळ्यावर कधीही नाही.

आणि एक गोष्ट आपण विचारली नसली तरी लिहितो, कारण मला ती उशिरा कळली. ओतण्याच्या तापमानाला शिशाची वाफ फारच थोडी होते. खरी भीती असते ती वर येणाऱ्या राखाडी मळीची आणि तिच्या धुळीची. ती हाताला, कपड्यांना लागते आणि तिथून पोटात जाते. मळी झाकणाच्या डब्यात ठेवावी, बाक कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावा, काम मोकळ्या हवेत करावे, तिथे काही खाऊ-पिऊ नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून पूर्ण दूर ठेवावे, कारण शरीरातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही. मी वर्षातून एकदा रक्तातील शिसे तपासून घेतो. बॅटरीच्या प्लेटा मात्र कोणीही वितळवू नयेत, त्यांतून विषारी वायू निघू शकतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे साचा धुतला, वाळवला आणि सळ्यांची अदलाबदल करून बारा ओती घेतल्या. निकाल पाहून मी आधी गोंधळलो, कारण पहिल्या घरातले वजनही अडकू लागले आणि मधल्या घरातलेही अडकतच राहिले.

मग सळी काचेवर ठेवून फिरवली, तेव्हा तिच्या मध्याखालून उजेड दिसत-लपत होता, म्हणजे ती वाकलेली होती. कापसाचा पुंजका मधल्या घराच्या डाव्या कडेवर, पेचकस टेकवायचो अगदी त्याच जागी, तंतू सोडून गेला. भिंगाखाली तिथे नखाच्या कडेएवढी चकचकीत ओठासारखी वळी दिसली. मूळ दोष सळीचा होता आणि दुसरा मी स्वतः तयार केला, असे आता म्हणावे लागेल. सळी बदलली आहे. पण ती बर कशी काढावी?

पहिले उत्तर देणाऱ्याचे पुन्हा उत्तर

दोन्ही दोष एकत्र असतील ही शक्यता मी आधीच लिहायला हवी होती.

बर काढताना जोडाचा सपाट पृष्ठभाग घासायचा नाही, तो गेला की तिन्ही घरांना पापुद्रा येईल. कठीण लाकडाची काडी घराच्या गोलाईला जुळेल अशी तासून घ्या आणि तिने ती वळी घराच्या आतून बाहेरच्या दिशेने दाबत चोळा. अॅल्युमिनियम मऊ असल्याने बर बहुधा मागे वळते. तरी काही राहिले तर त्याच काडीच्या टोकावर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी गुंडाळून फक्त तेवढ्याच जागी दोन-तीन हलके हात द्या आणि दर वेळी कापूस फिरवून पाहा. तंतू अडकायचे थांबले की तिथेच थांबा, चकाकी आणण्याच्या मोहात पडू नका.

नवी सळी वापरण्याआधी बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासून घ्या. आडवे, गोल फिरवून पडलेले ओरखडे शिसे धरून ठेवतात. वजन साच्यातून निघाले की ते पूर्ण निवण्याची वाट न पाहता चामड्याचे हातमोजे घालून सळी पिळत ओढून घ्यावी, कारण जितका उशीर कराल तितकी पकड वाढत जाईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

लाकडाच्या काडीनेच काम झाले, पॉलिश पेपर लावावा लागला नाही. काल साठ वजने ओतली. पहिली चार थंड साच्यामुळे सुरकुतली, ती परत वितळवली. बाकीची सगळी साचा उघडताच पडली, मधलीसुद्धा. तिसऱ्या घराच्या खालच्या टोकाला पापुद्रा अजून थोडा येतो, तिथे खुंटीचे भोक सैल झाल्यासारखे वाटते. ते पुढच्या वेळी साचा थंड असताना तपासून इथेच लिहीन.