हरणाचे वाटे घरी घालायचे तर काय काय लागतं?

मंडळी, नमस्कार.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या बंदुकीच्या सीझनचं लायसन घेतलंय. हरीण मिळालंच तर प्रोसेसरकडे (पैसे घेऊन मांस कापून देणाऱ्याकडे) न देता गॅरेजमध्येच कापायचा विचार आहे. दुकानांच्या याद्यांत इलेक्ट्रिक करवतीपासून सॉसेज भरायच्या यंत्रापर्यंत सगळं आहे. त्यातलं खरोखर लागतं काय? आणि घरच्यांना चाप नि नळ्या हव्यात, त्या कशा काढायच्या?

नि., मॅडिसन (विस्कॉन्सिन)

---

नि.,

करवत घेऊ नकोस. चाप काढायचे म्हणजे कणा उभा चिरायचा, आणि सीडब्ल्यूडीचे (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग) प्रायॉन, म्हणजे तो रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, मुख्यतः असल्याच जागी असतात: मज्जारज्जू, मेंदू, डोळे, प्लीहा, लसिकाग्रंथी. करवतीचं पातं तो लगदा सगळ्या मांसाला फासतं. कुकरच्या दहा शिट्ट्या दिल्या तरी प्रायॉन जात नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग 2002 साली पहिल्यांदा सापडला तो माउंट होरेबच्या आसपास, म्हणजे तुमच्या अंगणातच. तेव्हा चाप विसर. सगळं बोनलेस काढायचं आणि नळ्याही सोडायच्या.

लागतं ते एवढंच: 6 इंची, जरा लवचीक पात्याची बोनिंग नाइफ (खाटकांच्या हातात असते ती साध्या प्लास्टिक मुठीची उत्तम), कातडं सोलायला एक आखूड सुरी, धार लावायची सळई, मागच्या पायांच्या शिरांतून अडकवायचा गॅम्ब्रेल (धड टांगायचा दांडा) आणि कप्पी-दोर, जाड प्लास्टिकचा पाट, दोन मोठी घमेली, नायट्राइल हातमोजे, पेपर टॉवेलचे चार रोल आणि थर्मामीटर. दर पाच-दहा मिनिटांनी सुरी सळईवर ओढ. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि हात कापतो तो तेव्हाच.

खरा खर्च थंडाव्यावर करावा. गॅरेज 34 ते 40 फॅरनहाइटच्या मधे असेल तर धड दोन-तीन दिवस टांगून ठेव. 40 च्या वर चाललं तर त्याच दिवशी सोलून चार पाय वेगळे कर आणि कूलरमध्ये बर्फावर ठेव. कूलरचं बूच उघडं हवं, मांस पाण्यात तरंगता कामा नये. उलट बाहेर कडाक्याची थंडी असेल तर धड दगड होतं, मग कातडंही निघत नाही. ताठरपणा उतरायला साधारण 24 तास जाऊ देत. त्याआधी हाडावरून काढून फ्रीझ केलेलं मांस आखडतं आणि मग किती शिजवलं तरी चामट राहतं.

क्रम असा. आधी पोटाच्या आतून, कण्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले दोन टेंडरलॉइन काढ, ते सगळ्यांत लवकर सुकतात. मग पुढचे फरे. पुढच्या पायाला धडाशी हाडाचा सांधाच नसतो. पाय बाहेर ओढला की सुरी बरगडीला घासत आपोआप जाते आणि फऱ्याचं हाड पायासकट सुटतं. मग पाठीची पट्टी: कमरेपासून मानेपर्यंत मणक्यांच्या काट्यांना लागून खोल चीर दे, दुसरी चीर बरगड्यांवरून आडवी, आणि पट्टी बोटांनी सोलत ने. मागच्या मांडीला कमरेच्या हाडाला लागून कापत गेलं की खुबा दिसतो. त्यातली शीर तोडली की पाय मोकळा. मुंडी सगळ्यांत शेवटी आणि वेगळ्या सुरीने.

मांडीत सुरी कमी, अंगठा जास्त. स्नायूंच्या मधल्या पांढऱ्या पडद्यातून बोट घातलं की चार-पाच मोठे गोळे आपोआप वेगळे होतात. त्यांतल्या दोन गोळ्यांच्या खाचेत चरबीत बुडालेली घेवड्याएवढी करडी गाठ असते. ती न फोडता काढून टाक, नाहीतर रस्सा उग्र लागतो. फऱ्याच्या पुढच्या बाजूलाही तशीच एक असते. मागच्या गुडघ्याच्या आतल्या काळ्या केसांच्या ग्रंथीला हात लागला तर हातमोजे बदल.

हरणाची चरबी मेणासारखी, टाळूला चिकटणारी. बकऱ्याच्या हिशेबाने ठेवू नकोस, सगळी खरवडून काढ.

द. काका, ला क्रॉस

---

काका, एक भर. ते मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून ‘रक्त काढायची’ पद्धत इथे बरेच जण सांगतात. त्याने रंग उतरतो, मांस पाणचट होतं आणि व्हॅक्यूमचं पाकीट सील होत नाही. केस ओल्या फडक्याने टिपा, बस.

गोळी शिशाची असेल तर जखमेजवळचं मांस धुऊ तर नकाच. पाण्याने कण पसरतात. ते फूटभर लांबही गेलेले असतात, म्हणून तिथलं सढळ हाताने टाकून द्यायचं. ‘खिम्यात चालेल’ म्हणायचं नाही.

खिम्याचं यंत्र 8 किंवा 12 नंबरचं पुरतं. मांसाच्या पट्ट्या आणि यंत्राचे लोखंडी भाग अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. आधी 10 मिलिमीटरची जाळी, मग साडेचार. खिम्याऐवजी लगदा बाहेर येत असेल तर निम्म्या वेळा आतलं पातं उलटं बसलेलं असतं: सपाट बाजू जाळीकडे हवी. नाहीतर शिरा गुंडाळल्या गेल्यात, थांबा आणि साफ करा. रस्सा-मटारच्या खिम्याला चरबी नको. कबाबाला मात्र 10-15 टक्के मटणाची चरबी घाला, नाहीतर भुसा होतो. पोटरीच्या मांसातल्या शिरा काढत बसू नका. ते मंद आचेवर तीन तास ठेवलं की शिरा विरघळून रस्सा दाट होतो.

सु. वहिनी, मिलवॉकी

---

काका, वहिनी, आभार. सीडब्ल्यूडीच्या तपासणीचं काय? आणि आमचा 7 घनफुटाचा फ्रीझर पुरेल?

नि.

---

नि.,

मुंडी 3 ते 5 इंच मानेसकट तपासणीचे नमुने जमा करायच्या पेटीत ठेवायची. रिपोर्ट यायला दोनएक आठवडे लागतात, तोवर खायचं नाही. पॉझिटिव्ह आलं तर सगळं फेकायचं. म्हणून एका हरणाचं मांस दुसऱ्याच्या खिम्यात कधी मिसळायचं नाही. आणि हरणाची नोंदणी मारल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत.

सुऱ्या आधी साबणाने घासून मांसाचा कण न कण काढ, मग दोन भाग घरगुती ब्लीच नि तीन भाग पाणी यात 5 मिनिटं बुडव. चिकटलेल्या मांसाच्या आत ब्लीच जात नाही. हाडं-कातडं रानात टाकायचं नाही. दुहेरी पिशवीत घालून लँडफिलला किंवा हरणांच्या अवशेषांसाठी ठेवलेल्या डंपस्टरमध्ये.

120 पौंडांच्या साफ केलेल्या धडातून 45-50 पौंड बोनलेस धर. फ्रीझरमध्ये मावेल, पण एका दिवशी भरू नकोस. घनफुटाला 2-3 पौंड, म्हणजे तुझ्याकडे दिवसाला 15-20. जास्त कोंबलंस तर मधली पाकिटं दोन दिवस कोमट राहतात. बाकीचं कूलरमध्ये बर्फावर. शेजाऱ्यांना वाटे खुशाल दे, पण पैसे घ्यायचे नाहीत, हरणाचं मांस विकायला बंदी आहे. आणि देतानाही रिपोर्ट आल्यावरच.

पाकिटावर ‘मटण’ एवढंच लिहू नकोस. कुठला भाग, तारीख आणि कुठलं हरीण.

द. काका