मदत हवी आहे: आईच्या फोनवर औषधाची आठवण वाजत नाही

नमस्कार मंडळी. आई सदाशिव पेठेत एकटी राहते, मी वाकडला. तिचा अँड्रॉइड फोन तिला सोपा जाईल असा लावून देतोय. भाषा मराठी केली, डिस्प्लेमधून अक्षरं मोठी केली. तेवढ्यानेच ती किती खुलली!

अडलंय ते औषधांच्या ॲपवर. नवीन टाकलं की काही दिवस वाजतं, मग गप्प. बॅटरी वाचवायला फोनच ते मागे बंद करत असावा, असं वाटतंय. म्हणून ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीवरचं बंधन काढलं, नोटिफिकेशनची परवानगी तपासली, अँड्रॉइड 12 पासून आलेली अलार्म आणि रिमाइंडरची वेगळी परवानगीही दिली. तरी तेच. रक्तदाबाची गोळी आहे हो, चुकून चालत नाही. सध्या घड्याळाचा अलार्म लावलाय, पण गोळी घेतली की नाही याची नोंद त्यात राहत नाही.

दुपारी ती झोपते तेव्हा डू नॉट डिस्टर्ब (फोनचे आवाज बंद ठेवणारी सोय) आपोआप सुरू होतं. त्यातही आमचे फोन वाजावेत म्हणून आमचे नंबर तारांकित केलेत, आणि तोच माणूस 15 मिनिटांत पुन्हा फोन करेल तर वाजू दे, हेही चालू ठेवलंय. अलार्मला मुभा आहे. पण ॲपची आठवण फोन अलार्म न धरता साधी नोटिफिकेशन धरत असेल का? तसं असेल तर या ॲपला सूट कुठून द्यायची?

पेठेत ज्येष्ठांना न रागावता, सावकाश फोन शिकवणारं कुणी असेल तर तेही कळवा. मला रोज जाणं जमत नाही.