लॅपटॉप लावला की साउंडमध्ये घुंई आवाज येतो

प्रश्न : सोलापुरातील आमच्या गणेश मंडळाने यंदा स्वतःचा साउंड घेतला असून, लॅपटॉप मिक्सरला, मिक्सर क्रॉसओव्हरला (उंच व खालचे स्वर वेगळे करणारे यंत्र) आणि त्यापुढे टॉप (उंच स्वरांचे बॉक्स) व बेस (खालच्या स्वरांचे बॉक्स) यांचे स्वतंत्र ॲम्प्लिफायर अशी जोडणी केली आहे, परंतु गाणे थांबले की बॉक्समधून सतत घुंई आवाज येत राहतो. दोष कुठे शोधावा?

प्रतिसाद १ : क्रम बरोबर आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर तो अर्थिंगच्या लूपचा (जोडलेली उपकरणे एकाहून अधिक वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याचा) दोष समजून, लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (थेट विद्युत जोड तोडून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे देणारी पेटी) लावावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र तोडू नये, मांडवात कोणी कितीही आग्रह केला तरी.

प्रश्नकर्ता : चार्जर काढताच आवाज बंद झाला, आभारी आहे. ॲम्प्लिफायरच्या एका चॅनेलवर ८ ओहमचे (ओहम म्हणजे विद्युत विरोधाचे एकक) तीन बेस चालतील का?

प्रतिसाद २ : समांतर जोडलेले ८ ओहमचे दोन बॉक्स ४ ओहमचे होतात आणि तिसरा जोडल्यास विरोध सुमारे २.७ ओहमवर उतरतो, म्हणजे ॲम्प्लिफायरवरचा ताण वाढतो. त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या मागे किमान ४ ओहम छापलेले असेल, तर दोनवरच थांबावे. शिवाय ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा, अन्यथा मिक्सर चालू-बंद करतानाचा ‘धप्प’ थेट स्पीकरच्या कोनवर (कंप पावणाऱ्या पडद्यावर) बसतो.