प्रतिसाद: सीमेवर खरा खर्च शुल्काचा नाही, थांबण्याचा आहे

'शेजारी देशांनी आयात शुल्क काढलं की व्यापार आपोआप वाढेल,' असं वर लिहिलंय. भारत-बांगलादेशाकडे पाहता ते पटत नाही. भारताने 2011 साली दारू-तंबाखूसारख्या 25 वस्तू वगळता बांगलादेशी मालावरचं शुल्क काढलं. पण पश्चिम बंगालमधलं पेट्रापोल आणि पलीकडचं बांगलादेशातलं बेनापोल ही सीमा तशीच तुंबलेली राहिली.

आपला ट्रक आधी सीमेजवळच्या बनगावच्या पार्किंगमध्ये रांगेत उभा राहतो. मग बेनापोलच्या आवारात जाऊन माल उतरवतो, कारण त्यापुढे जायची त्याला मुभा नाही. तिथून माल बांगलादेशी ट्रकमध्ये चढतो. जागतिक बँकेच्या 2021 च्या अहवालात या सगळ्याला 138 तास धरले आहेत, त्यातले 28 फक्त माल एका ट्रकमधून दुसऱ्यात हलवण्याचे! नाशिकच्या कांद्याचं नुकसान इथेच होतं. ताडपत्रीखाली हवा खेळत नाही, उष्णता आणि ओल कोंडते, खालच्या थरातल्या गोण्या दबून कांदा सडायला लागतो. ही घट व्यापारी आधीच हिशेबात धरतो आणि शेतकऱ्याचा भाव तेवढा पाडतो.

केनिया-युगांडाने 2014 पासून वेगळी वाट धरली. युगांडाचं शुल्क माल केनियाच्या मोंबासा बंदरातून निघण्यापूर्वीच भरायचं, आणि मालाबा-बुसिया या त्यांच्या सीमेवरच्या नाक्यांवर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी तपासणी करतात. आपल्याकडे भूतान-बांगलादेश-नेपाळसोबत एकमेकांची वाहनं सीमेपार जाऊ देण्याचा करार 2015 मध्ये झाला, पण भूतानच्या संसदेत तो अडला. उरलेल्या तिघांनी निदान ठराविक मार्गांवर सीलबंद कंटेनर थेट जाऊ द्यावेत, शुल्काची चर्चा नंतर.