प्रसंगानिमित्त नोट काढावी का? आणि काढलीच तर किती रुपयांची?

रुपयाआणा

१९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त २, ५, १० आणि १०० रुपयांच्या नोटांवर बैठे गांधीजी आणि मागे सेवाग्रामचा आश्रम असं चित्र आलं. १ रुपयाची नोट सरकारची, तिच्यावर शताब्दीचं नाणं छापलं होतं. पुढे स्मरणाचं काम आपण नाण्यांवर सोपवलं. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं आणि संत ज्ञानेश्वरांचं १ रुपयाचं नाणं निघालं, २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं.

शेजारी देश मात्र नोटा काढतात. पाकिस्तानने २०२२ मध्ये ७५ रुपयांची काढली, बांगलादेशने २०११ मध्ये ४० टाकांची. आपण पुन्हा काढावी का? कायदा काय म्हणतो? वेगळ्या मूल्याची नोट बरी की नेहमीच्याच नोटेवर वेगळं चित्र? आणि व्यवहारात नेमकं काय बिघडतं?

कलम२४

कायद्याची अडचण नाही, मात्र दोन पर्यायांच्या वाटा वेगळ्या आहेत.

रिझर्व्ह बँक कायदा १९३४, कलम २४: २, ५, १०, २०, ५०, १००, ५००, १०००, ५००० आणि १०,००० ही मूल्यं कायद्यातच लिहिलेली आहेत. ७५ किंवा १५० ची नोट हवी असेल तर बँकेच्या केंद्रीय मंडळाने शिफारस करायची आणि केंद्र सरकारने ते मूल्य ठरवायचं. १०,००० च्या वर जाता येत नाही. नेहमीच्याच मूल्याची नोट नव्या चित्रासह काढायची असेल तर कलम २५ पुरतं: मंडळाची शिफारस विचारात घेऊन सरकार नमुना, आकार आणि कागद मंजूर करतं.

तिसरी वाट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. १ रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसतेच. ती भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि कायद्याच्या दृष्टीने ती नाण्यातच मोडते. तिचा नमुना वित्त मंत्रालय स्वतःच्या अधिसूचनेने बदलू शकतं.

माझं मत: काढावी, पण मूल्य बदलू नये.

आरपार

वरच्याशी सहमत. कारण छपाईत आहे.

नोटेचं जलचिन्ह छापलेलं नसतं. कागदाचा लगदा ओला असतानाच साच्याच्या जाळीवर ते उमटतं, आणि सुरक्षा धागाही त्याच वेळी कागदात जातो. म्हणजे नवं मूल्य आलं की नवा साचा आणि नवा धागा आला, कागद वेगळा बनवून वेगळा साठवायचा, उरला तर त्याचा हिशेब ठेवून नष्ट करायचा. थोड्या नोटांसाठी एवढं करणं परवडत नाही, मग तडजोड होते. बांगलादेशच्या त्या ४० टाकांच्या नोटेच्या जलचिन्हात '१०' हा आकडा दिसतो, म्हणजे ती बहुधा १० टाकांच्या शिल्लक कागदावर छापली. २०१२ च्या ६० टाकांच्या नोटेत तसाच '५०' दिसतो. नोट उजेडासमोर धरून तपासा असं लोकांना शिकवायचं आणि उजेडात भलताच आकडा दाखवायचा, हे चुकीचं आहे.

म्हणून कागद, आकार, रंग, पुढची बाजू यांतल्या कशालाही हात न लावता फक्त मागचं चित्र बदलावं. आज १० च्या मागे कोणार्क, २० च्या मागे वेरूळ, ५० च्या मागे हंपीचा रथ, १०० च्या मागे राणी की वाव आहे. तेवढ्याच चौकटीत प्रसंगाचं चित्र बसवायचं. डावीकडचा भाषांचा पट्टा तसाच राहील. एक जागा मात्र जपावी लागते: आरपार जुळणारा मूल्याचा अंक अर्धा पुढे आणि अर्धा मागे छापलेला असतो. मागचं चित्र त्यावर चढलं की खऱ्या नोटेतच जुळणी बिघडल्यासारखी दिसते.

दुसरी चूक मजकुरात होते. तारीख ठरलेली असते, घाई होते, आणि सूक्ष्म अक्षरं कुणी भिंगाखाली पुन्हा वाचत नाही. मेक्सिकोने २००९ मध्ये क्रांतीच्या शताब्दीची १०० पेसोंची नोट काढली, तिच्यावर क्रांतीची घोषणाच चुकली: 'एफेक्तीव्हो'च्या जागी 'एलेक्तीव्हो' छापलं गेलं. मजकूर माहीत असलेल्या, पण तो लिहिण्यात भाग न घेतलेल्या माणसाने प्लेट खोदण्याआधी शब्दन् शब्द वाचायला हवा.

स्मरणाच्या नोटेवर नवं तंत्र पहिल्यांदा वापरून पाहण्याचा मोहही टाळावा. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये द्विशताब्दीला प्लास्टिकची पहिली १० डॉलरची नोट आणली. कल्पना थोर होती, पण सुरुवातीच्या नोटांवरची शाई घासून निघायला लागली.

रोखपाल

खिडकीवरून पाहिलं तर पहिला त्रास असा की अनोळखी नोट दुकानदार घेतच नाही. पाकिस्तानच्या ७५ च्या नोटेचं हेच झालं. लोक नाकारत होते, ती कायदेशीर चलन आहे असं तिथल्या मध्यवर्ती बँकेला जाहीर करावं लागलं. शिवाय ७५ ने हिशेबही अडतो, कारण त्याचे सुटे करताना गल्ल्यात ती ठेवायला कप्पाच नसतो.

दुसरा त्रास यंत्रांचा. एटीएमची कॅसेट नोटेच्या मापाला बसवलेली असते. ५०० ची ६६ × १५० मिमी, २००० ची ६६ × १६६ होती. २०१६ मध्ये ही मापं बदलली तेव्हा देशभरातली दोन लाखांहून जास्त एटीएम एकेक करून जुळवावी लागली. मोजणीचं साधं यंत्र माप तेच असलं तर नवी नोट मोजून देईल, पण वर्गीकरणाचं यंत्र मागच्या बाजूची प्रतिमाही पाहतं. त्यात नवा नमुना भरला नसेल तर कोरी करकरीत नोट 'संशयित' कप्प्यात पडते. त्यामुळे यंत्रं बनवणाऱ्यांना नमुन्याच्या नोटा आधी द्या, सगळ्या शाखांत नवा नमुना भरून झाल्याची खात्री करा, आणि मगच वितरण सुरू करा. उलट क्रमाने केलं की पहिले काही आठवडे हाताने निवड करत बसावं लागतं.

चार_मिलिमीटर

रंग आणि माप बदलू नका, यात आणखी एक कारण जोडतो. ज्यांना दिसत नाही ते नोट लांबीने ओळखतात: १०० ची १४२ मिमी, २०० ची १४६, ५०० ची १५०. दोन नोटांत फक्त ४ मिमीचा फरक. कडेच्या तिरक्या रेघा १०० वर चार, २०० वर चार आणि मध्ये दोन वर्तुळं, ५०० वर पाच. त्याशिवाय १०० वर उठावदार त्रिकोण आणि ५०० वर वर्तुळ. यातलं काहीही हललं की बोटांची ओळख जाते. नुसतं मागचं चित्र बदललं तरी नोटेचं मूल्य ओळखून सांगणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या 'मनी' ॲपमध्ये ते आधी घालावं लागेल, नाहीतर मागची बाजू कॅमेऱ्यासमोर आली की ॲप अडेल.

रुपयाआणा

हे पटलं, मूल्य आणि माप नेहमीचंच. पण मग किती छापायच्या? थोड्या छापल्या तर काळाबाजार, खूप छापल्या तर कुणी जपणार नाही.

गड्डी

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे थोड्या छापणं.

चीनने २००८ मध्ये ऑलिंपिकची १० युआनची नोट फक्त ६० लाख छापली. ती दर्शनी किमतीत मिळवणारे मोजकेच, बाकीचं सगळं दलालांच्या हाती गेलं आणि भाव कित्येक पटींनी चढला. २०१५ मध्ये अवकाशविषयक १०० युआनची नोट ३० कोटी छापली. आगाऊ नोंदणी आणि माणशी मर्यादा ठेवली. उत्तर आयर्लंडमध्ये २००६ ची फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टची ५ पौंडांची नोट १० लाख होती, ती काही दिवसांतच संपली.

कॅनडाने १९६७ मध्ये दोन्ही लोकांची सोय केली. १ डॉलरच्या शताब्दी नोटेचा एक प्रकार नेहमीच्या क्रमांकाचा, व्यवहारासाठी. दुसऱ्यावर क्रमांकाच्या जागी '१८६७ १९६७', जपून ठेवण्यासाठी. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी गठ्ठे ठेवले, पण संख्या प्रचंड असल्याने आजही त्यांना फारसा भाव नाही. स्मरणासाठी हे उत्तमच, कारण नोट ज्याला हवी त्याच्या घरी पोचली. जपणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की दर्शनी किंमत कायमची नसते: कॅनडाची १९३५ ची २५ डॉलरची राज्यारोहण रौप्यमहोत्सवी नोट १ जानेवारी २०२१ पासून कायदेशीर चलन राहिली नाही.

आपल्याकडे मी १० किंवा २० ची नोट निवडेन. त्या एटीएममध्ये सहसा नसतात, हातोहात फिरतात, आणि मळल्यामुळे सतत बदलाव्या लागतात. त्या बदलीच्याच छपाईतलं एक वर्ष पूर्ण नव्या चित्राने छापायचं, म्हणजे जास्तीचा खर्च फक्त प्लेटांचा. आकडा आधी जाहीर करायचा.

कलम२४

@गड्डी, १० ची नोट पटते. मी सुचवलेल्या १ रुपयाच्या नोटेत तोच दोष आहे जो तुम्ही टाळलात. ती छापायला १ रुपयाहून जास्त खर्च येतो म्हणूनच १९९४ मध्ये बंद झाली होती आणि २०१५ मध्ये परत आली. घराघरांत पोचेल इतक्या छापायच्या तर प्रत्येक नोटेमागे तोटा. तेव्हा कलम २५, मूल्य १०, माप ६३ × १२३ मिमी तसंच, रंग तोच चॉकलेटी, आणि कोणार्कच्या जागी एक वर्ष प्रसंगाचं चित्र.