हार्डवेअरच्या दुकानात नेमकं काय विचारावं, काय न्यावं? अनुभव लिहा

काउंटरवरचा माणूस दोन नेमके प्रश्न विचारतो आणि गिऱ्हाइकाची दुसरी फेरी वाचते. ते प्रश्न कोणते? काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी लिहावं.

दुकानदार, सातारा
"नळ गळतोय, वायसर द्या" म्हटलं की आधी विचारायचं, मूठ किती फिरते? दोन-तीन फेरे फिरत असेल तर वायसर. पाव फेऱ्यात बंद होत असेल तर आत सिरॅमिक चकत्यांचं स्पिंडल असतं, ते अख्खंच बदलतात. जुनं काढून आणायला सांगावं. मुठीकडचे दाते मोजायचे, लांबी लावून बघायची, उघडायची दिशा तपासायची, मगच नवं द्यायचं.

प्लंबर, मिरज
पाईप 'अर्धा इंची' एवढ्याने भागत नाही. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी हे प्लॅस्टिक पाईपचे दोन वेगळे प्रकार. सीपीव्हीसीचा अर्धा इंची बाहेरून साधारण १६ मिमी, यूपीव्हीसीचा २१. एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. जोडायचेच तर मध्ये एमटीए-एफटीए, म्हणजे बाहेरून आणि आतून आटे असलेले जोड, लागतात. म्हणून वीतभर तुकडा न्या. सोल्युशनही (पाईप चिकटवायचं) ज्याचं त्यालाच. दुकानदाराने न विचारता सांगावं अशी गोष्ट म्हणजे सांधा कसा करायचा: कापलेल्या टोकाचा बुरा काढा, पुसून कोरडं करा, पाईप आणि फिटिंग दोन्हीला सोल्युशन लावा, पाव फेरा फिरवत आत घाला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. लगेच सोडलं तर पाईप मागे सरकतो आणि गळती तिथेच सुरू होते.

वाइंडिंगवाले, इचलकरंजी
छताच्या पंख्याला बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, काहींना ३.१५. जुन्यावरचा आकडा वाचूनच घ्या. मोठा टाकून वेग वाढवायला जाल तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारेची गुंडाळी, तापतं. बेअरिंगचा नंबर कडेवर कोरलेला असतो: ६२०१ चं भोक १२ मिमी, ६२०२ चं १५. नंबर पुसला असेल तर काउंटरवर व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावून मागा. मोजून देणारं दुकान धरून ठेवा.

सुतारकाम, डोंबिवली
स्क्रू मागताना भिंत कशाची ते सांगा. विटेच्या भिंतीत ६ मिमीच्या गिट्टीला (स्क्रू धरून ठेवणारी भोकातली खुंटी) ६ मिमीचंच भोक. हलक्या सिमेंट ब्लॉकमध्ये साधी गिट्टी ढिली पडते, त्याची वेगळी मिळते.

रंगकाम, नाशिक
मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही, ते रास्तच आहे. ती शेड दुसरं कोण घेणार? म्हणून एका भिंतीचे सगळे डबे एकदमच घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. शेडचा कोड झाकणावर लिहून मागा.