ॲबी थिएटरात गोंधळ घालणारे अडाणी होते म्हणे!

तिसरी घंटा: परवा इथेच एकाने ठोकून दिलं, '१९२६ साली आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात शॉन ओ'केसीचं "द प्लाऊ अँड द स्टार्स" हे नाटक बंद पाडायला गेलेली झुंड राष्ट्रवादाने डोकं फिरलेली होती.' झुंड? त्यात हॅना शीही-स्केफिंग्टन होत्या. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६च्या आयरिश उठावात त्यांच्या निःशस्त्र, शांततावादी नवऱ्याला ब्रिटिश अधिकाऱ्याने खटल्याविना गोळ्या घालायला लावल्या. दहाच वर्षांत उठावाचे झेंडे रंगमंचावर दारूच्या गुत्त्यात, तेही वेश्येसमोर! आणि थिएटर सरकारी अनुदानावर चालणारं. माझे आजोबा बेचाळीसला तुरुंगात होते. त्यांची अशी टिंगल झाली असती तर मीही खुर्ची फेकली असती.

विंगेतला: आजोबा तुरुंगात गेले म्हणून तुम्हाला खुर्ची फेकायचा परवाना? ओ'केसी स्वतः उठावात लढलेल्या कामगारांच्या सेनेचा, आयरिश सिटिझन आर्मीचा, एके काळी सचिव होता, नाटकाचं नाव त्याच सेनेच्या झेंड्यावरून आहे. आणि गुत्त्याबाहेरच्या वक्त्याच्या तोंडी उठावाचा नेता पिअर्स याचीच वाक्यं आहेत. रक्तपाताचं ते कौतुक ऐकत आत पेले रिचवले जातात, आणि पुढे चाळीतली पोरगी क्षयाने मरते. झोंबलं ते हे. वेश्या नुसतं निमित्त.

तिसरी घंटा: निमित्त कसलं? हॅनाबाईंनी वर्तमानपत्रात स्पष्ट लिहिलं होतं की आक्षेप नीतीचा नाही, राष्ट्राचा आहे. तेव्हा सोवळेपणाचा शिक्का मारू नका.

विंगेतला: वेश्येचा उल्लेख तुम्हीच केलात, बाई.

हक्काचं तिकीट: अनुदान किती होतं? १९२५ला ८५० पौंड. आमच्याकडच्या नाट्यगृहात मध्यंतराला स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही. गेल्या रविवारी तर एसीही बंद!

पडद्याआड: अगदी! आमच्याकडे बाल्कनीतल्या खुर्च्या बसलं की पुढे कलंडतात. तक्रारवहीत लिहून पाहिलं, आता वहीच गायब आहे.

हक्काचं तिकीट: वही होती तरी तुमच्याकडे. आम्हाला 'साहेब जेवायला गेलेत' एवढंच ऐकवतात. आणि ध्वनियंत्रणा? तिसऱ्या रांगेपुढे मूकनाट्य.

पडद्याआड: पार्किंगचं तर बोलूच नका. नाटकापेक्षा जास्त वेळ गाडी काढायला.

तिसरी घंटा: धागा डब्लिनचा आहे हो, पार्किंगचा नाही!

नांदी: मग डब्लिनचंच बोलते. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त लोकांना कर्झन दिसला, म्हणून इंग्रजांनी १९१०ला बंदी घातली. तिथे सोपं होतं, शत्रू बाहेरचा. ॲबीत १९०७ला आयरिश नाटककार जे. एम. सिंगच्या 'प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' या नाटकावर आयरिश प्रेक्षकच उसळले, आणि थिएटरने त्यांच्यावर इंग्रज राजवटीचे पोलीस आणले! १९२६लाही पोलीसच, फक्त या वेळी स्वतंत्र देशाचे. गोऱ्या साहेबाच्या जागी आपला साहेब बसला की नाटककाराने गप्प बसायचं, असं आहे का?

तिसरी घंटा: गप्प बसा असं मी म्हटलेलंच नाही. ओ'केसीने लिहावं, हॅनाबाईंनी ओरडावं. पोलीस मात्र नको होते.

विंगेतला: वा, खुर्च्या फेकायच्या, पण पोलीस नकोत! बरं, चाळीतल्या बाईबद्दल त्याला लिहू दिलंत, एवढे उपकार पुरे.

हक्काचं तिकीट: ॲबीत मध्यंतराला चहा मिळायचा का, कोणी सांगेल?